रीळ सहा

ताडदेवच्या थंडगार खोलीत
मला पगार मिळतो तो धूळ पुसण्याचा.
बेचाळीस सालावरचा जुना सिनेमा,
काळापांढरा, कडांना बुरशी,
सेकंदाला चोवीस चौकटी.
एकेकीतला ओरखडा मी माऊसनं भरतो,
दाढ भरावी तसा.

हा सिनेमा मला पाठ आहे.
शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागला
तेव्हा चिपळूणकरांच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी बसून पाहिलेला.
दुसऱ्या दिवशी गच्चीवर
मी आणि उल्हास पत्रकं वाटत होतो
पाण्याच्या टाकीला, कबुतरांना,
गणिताच्या वहीची पानं फाडून.
तो त्र्यंबक. मी दिनू.
सुमती व्हायला कुणी मिळायचं नाही
आणि आमचं काही अडायचंही नाही.

आज रीळ सहा.
गिरगावातलं तळघर, सायक्लोस्टाईल यंत्र,
वर रस्त्यावर बूट.
त्र्यंबक दांडा फिरवतोय, दिनू कागद उचलतोय.
त्र्यंबकच्या गालावर शाई.
दिनू अंगठा जिभेला लावतो
आणि पुसतो.

शाई जाते.
अंगठा तिथंच.

सतरा चौकटी. दोनदा मोजल्या.
पुरता सेकंदसुद्धा नाही.
थिएटरात शेंगा सोलता सोलता निसटलं असेल सगळ्यांचं.
इथं मात्र मी थांबवू शकतो:
नवव्या चौकटीत त्र्यंबकचे डोळे मिटलेले,
दहावीत उघडे,
अकरावीत तो दाराकडे बघतो.
पोलिसांसाठी, अर्थात.
बारावीत
दाराकडे बघायचं सोडून देतो.

मग आठवत गेलं एकेक.
त्र्यंबक गोळीनं पडतो, त्यानंतर अख्खा सिनेमाभर
दिनूच्या अंगावर त्याचा कोट,
बाह्या लांब, खांद्यात ढगळ.
सुमती म्हणते, उसवलाय, द्या, शिवून देते.
नको, म्हणतो दिनू. असू दे.
आई तेव्हा म्हणाली होती, बिचारी पोर,
किती जीव लावते, आणि हा दगड.
मला दगड वाटला नव्हता.
मला वाटलं होतं, उसवलेल्या जागी
त्याचा हात जात असेल रात्री.
दहा वर्षांचा होतो. कुणाला सांगणार?

माहीमला सबनीस राहतात.
वय एक्क्याण्णव, या सिनेमाच्या संकलनातले तेव्हाचे हरकाम्ये.
चहात बिस्कीट बुडवून ते गप्प. बिस्कीट पडलं चहात.
मैत्री रे, म्हणाले चमच्यानं शोधत,
पोरं अशीच असायची तेव्हा. एका ताटात जेवायची.
मी म्हटलं, हो.
चपला घालताना मागून आवाज आला:
तो तुकडा कापायला सांगितला होता मला.
लांबतंय म्हणाले.
मी वळून विचारलं, मग?
त्यांनी कानातलं यंत्र काढून
डबीत ठेवलं होतं.

उल्हासचं लग्न वनिता समाजात झालं.
शेरवानीच्या बाह्या त्याला लांब होत होत्या.
पंगतीत मी आग्रह करत वाढलं, जिलब्या,
त्याला दोन जास्त.
गाल पुसावा असं काही नव्हतं त्याच्या गालावर.

सहा वाजले. एसीचा आवाज तेवढा.
कोल्हटकर मॅडमनी निरोप ठेवलाय:
रीळ सहा उद्या पाठवायचं, उशीर नको.
सतराही चौकटी आता स्वच्छ आहेत.
फक्त बारावीत, अंगठ्याच्या कडेला,
एक काळा ठिपका राहिलाय.
मोठा करून बघितला.
धूळ असेल. शाई असेल.
मी हात लावला नाही.

तपशिलाच्या रकान्यात लिहिलं,
दोष आढळला नाही,
आणि खाली सही केली,
नेहमीपेक्षा जरा मोठी.